सुसरीचं हिंदी

लखनौहून परत आल्यापासून गावात जो भेटतो तो आधी विचारतो, "भुलभुलैया पाहिला का?" पाहिला. आत गेलो, वाट चुकलो, गाइडनं बाहेर काढलं. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या यांच्या उजव्या हाताला बँडेज का आहे, हे मात्र कुणी सरळ विचारत नाही. सगळे चोरून बघतात आणि घरी जाऊन आपापला अंदाज करतात. ते अंदाज माझ्या कानावर आले, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. नदीत सुसरी आहेत. पुस्तकात त्यांना मगर म्हणतात, आम्ही सुसर म्हणतो, आणि सुसरीला दोन्हीचं काही नाही. लग्नानंतर आलेल्या पहिल्या अधिक महिन्यात माझ्या वडिलांनी जावयाला धोंडे खायला बोलावलं. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे उंडे. अधिकात जावयाला बोलावून ते वाढायचे आणि वाण द्यायचं, ही रीत. जावई जेवणाआधी नदीवर आंघोळीला गेला आणि सुसरीनं त्याचा पाय धरला. मी घाटावरच होते. माझे वडील अंगरख्यासकट पाण्यात गेले, सुसरीच्या दोन्ही डोळ्यांत अंगठे घातले आणि ती सोडेपर्यंत काढले नाहीत. यांच्या पोटरीवर वण राहिला. वडिलांचा उजवा अंगठा त्यानंतर कधी वाकला नाही. "वाण द्यायच्या आधीच जावई गेला असता, तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी डाव्या हातानं तूप वाढलं.

ही गोष्ट हे तेव्हापासून सांगतात. पहिली काही वर्षं तीत माझे वडील होते. पुढे ते नुसते धावत येऊ लागले. मग काठावरूनच ओरडू लागले. तीन वर्षांपूर्वी वडील वारले आणि त्यानंतर गोष्टीतूनही गेले. आता गोष्टीत हे स्वतःच पाण्यात वाकून स्वतःचा पाय सोडवतात. चारचौघांत नवऱ्याला खोडून काढायची मला सवय नाही. माणूस वारला ते देवाच्या हातात होतं. गोष्टीतून मात्र त्यांना यांनीच काढलं.

अलीगंज

माझी धाकटी बहीण कुसुम लखनौला असते. तिचे यजमान प्रकाशराव वायुदलात आहेत आणि अलीगंजात भाड्याचं घर घेऊन राहतात. शहाण्णव सालच्या जूनमध्ये कुसुमचा फोन आला, "ताई, यंदा अधिक आलाय. बाबा नाहीत. दोन्ही जावयांना धोंडे मीच घालते. आणि इथं दशहरी आंबे सुरू झालेत." पहिल्या कारणासाठी मी निघाले, दुसऱ्यासाठी हे निघाले.

प्रवासाबद्दल एवढंच, की इटारसीला डाळीची भजी चांगली होती.

कुसुमची मुलगी नीलू यंदा बारावीत गेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी म्हणाले, "नीलू, किती वाळलीस ग!" ती म्हणाली, "अरे नहीं मौसी, यूँ ही लग रहा है." मी मराठीत बोलत राहिले, ती हिंदीत, आणि दोघींचं कुठंच अडलं नाही. कुसुमचंही आता तसंच झालंय. भाजीवाल्याला "भैया, सब्जी ताज़ी है ना" म्हणते आणि लगेच मला, "अच्छा ताई, कोथिंबीर निवड." ज्वारीचं पीठ तिथं मिळत नाही म्हणून मी डबा भरून नेलं होतं. पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापल्या तर वास घ्यायला प्रकाशराव ओट्यापाशी येऊन उभे राहिले. ते मूळचे अमरावतीचे, पण नोकरीनं त्यांना इतकं फिरवलंय की आता ते ज्या गावात असतात तिथलेच दिसतात.

घरमालक खाँ साहब खालच्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेले, पांढरा कुर्ता, आणि बोलणं इतकं मऊ की भाडं वाढवलं तरी आपला सत्कार झाल्यासारखं वाटावं, असं कुसुम सांगते. मलिहाबादला त्यांची आंब्याची बाग आहे. पाहुणे आले कळल्यावर त्यांनी संध्याकाळी चहाला बोलावलं. समोरच्या ताटलीत खस्ता कचोरी होती. माझा प्रत्येक घास कपड्यांवर सांडत होता आणि खाँ साहब सौजन्यानं दुसरीकडे बघत होते.

ओळखपाळख झाली आणि यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मला कळलं, आता गोष्ट येणार.

"ये देखो," हे म्हणाले. "सुसर ने पकडा था."

खाँ साहबांनी कप खाली ठेवला. "ससुर ने?"

"हां. सुसर ने. नदी में."

"ला हौल विला कुव्वत!" खाँ साहब हादरून म्हणाले. "कोई झगड़ा था?"

"झगडा कायका? उसका स्वभावच वैसा. पाणी में दबा धरके बैठती है. अकेला आदमी दिखा की पकडती है."

आम्हा मराठी माणसांची हिंदीतली स्त्रीलिंग-पुल्लिंगं खाँ साहबांना कुसुमच्या घरामुळे सवयीची झाली असावीत. त्यांनी 'बैठती है' सोडून दिलं. "औरों को भी पकड़ते हैं?"

"गाव के कितने लोगों को पकडा! कुत्ता तो आख्खा खाती है."

खाँ साहबांनी विचारलं, "फिर आपने क्या किया?"

"क्या करता? हमने उसके डोळे में उंगली घुसाया. तब छोडा."

खाँ साहब माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "बहन जी, अल्लाह आपको सब्र दे. आपके लिए तो दोनों तरफ़ अपने ही लोग थे."

मी म्हणाले, "हां." मला वाटलं, ते सुसरीबद्दलच काही बोलतायत.

वर आल्यावर नीलू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. मग तिनं मला समजावलं. हिंदीत सासऱ्याला ससुर म्हणतात. ज्याला आम्ही सुसर म्हणतो त्याला मगर म्हणतात, मगरमच्छ म्हणतात, घडियालही म्हणतात, पण सुसर कुणी म्हणत नाही. "नाना को आदमख़ोर बना दिया मौसा जी ने," ती आजोबांबद्दल म्हणाली, आणि पुन्हा हसली. प्रकाशराव दारात उभे होते, तेही हसले. "मौसी, मत बताइए न किसी को," नीलू म्हणाली. "बड़ा मज़ा आ रहा है."

मी यांनाही सांगितलं नाही आणि खाँ साहबांनाही नाही. खरं कारण सांगते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीत माझे वडील आले होते. सुसर म्हणून का होईना, आले होते.

कुकरैल

दुसऱ्या दिवशी नीलूनं आम्हाला कुकरैलच्या जंगलात नेलं. तिथं घडियाल वाढवून नद्यांत सोडतात. पिल्लांपासून आजोबांपर्यंत सगळे हौदात ठेवलेत. लांबट चिमट्यासारखी तोंडं, आणि नराच्या नाकावर तर चक्क मडकं पालथं घातल्यासारखा गोळा. हे कठड्याशी उभे राहिले आणि नाराज झाले.

"ही काय सुसर? ही मासे खाणार. माणसाचं हिला काय जमणार?"

पण कठडा मिळाला, ऐकायला भाची मिळाली, मग यांना राहवेना. सुसरीच्या पाण्याशी कसं वागावं, हे त्यांनी तिथं सांगितलं. पाण्याकडे पाठ करून बसू नये. रोज एकाच दगडावर, एकाच वेळी जाऊ नये, कारण आपण तिला ओळखत नसलो तरी ती आपल्याला ओळखायला लागते. पाणी गढूळ असेल तर भांड्यानं दुरून घ्यावं, पाय घालू नये. आणि कुत्रं जिथं पाणी पीत नाही तिथं माणसानं शहाणपणा करू नये.

"और पकड़ ही ले तो?" नीलूनं विचारलं.

"पकडलं तर नुसतं ओढायचं नाही. आपण ओढलं की ती गिरकी घेते, मग पाय तिच्याकडे आणि आपण इकडे. तिच्याबरोबर जायचं, डोळा शोधायचा आणि त्यात घालायचं, बोट, काठी, जे असेल ते. डोळा नाही सापडला तर नाकाडावर हाणायचं. सोडलं की काठावर बसून रडायचं नाही, लांब पळायचं. ती परत येते. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो."

नियम शंभर टक्के बरोबर होते. सगळे माझ्या वडिलांचे होते. 'मी स्वतः' तेवढं यांचं होतं. मी घडियालांकडे बघत राहिले. ते तोंड उघडं ठेवून पडले होते आणि कुणाचं काही खोडून काढत नव्हते.

मलिहाबाद

रविवारी खाँ साहबांच्या मारुती व्हॅनमधून बागेत गेलो. कुसुम पुरण शिजवायचं म्हणून घरी राहिली. संध्याकाळी जावयांना धोंडे होते. शहर संपलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबाच आंबा, मध्ये दुसरं झाड औषधालाही नाही. आमच्याकडे आंबा कापून, फोडी करून, ताटलीत घालून, तेही मोजून देतात. तिथं बादलीभर पाण्यात दशहरी टाकलेले असतात. आपण बाजेवर बसायचं, आंबा दाबायचा, देठ काढायचा आणि चोखायचा. कोपरापर्यंत रस येतो. कोयी कुठं टाकायच्या विचारलं तर खाँ साहब म्हणाले, "ज़मीन पर, बहन जी. वो भी तो बाग़ ही है."

यांच्याशी खाँ साहब फार जपून वागत होते. आंबे निवडून यांच्याच हातात देत होते. "आप लीजिए. आपने बहुत सहा है." यांना वाटत होतं, आपल्या शौर्याचा मान होतोय. आंबा चोखत हे मला मराठीत म्हणाले, "माणसं गुणग्राहक आहेत." मी मिठाची गुळणी धरून बसले.

बागेच्या कडेनं एक लहानसा कालवा जातो. पाणी चहासारखं. प्रकाशरावांचे हात, दाढी, शर्ट सगळं रसानं माखलं होतं. हात धुवायला ते कालव्यावर गेले, चपला काढून उताराच्या शेवटच्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसले. बागेतलं कुत्रं त्यांच्या मागून गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि वळून हापशाखालच्या डबक्याशी येऊन पाणी प्यायला लागलं.

मी यांच्याकडे बघितलं. हे कुत्र्याकडेच बघत होते. मग कालव्याकडे बघितलं आणि हातातला आंबा टाकून उभे राहिले. पाण्यावर दोन गाठी दिसत होत्या, लाकडाच्या असाव्यात तशा. लाकूड मात्र प्रवाहाच्या उलट येत नाही.

"सुसर!" हे ओरडले. "प्रकाशराव, सुसर! उठा! सुसर!"

प्रकाशराव मान वळवून हसले. त्यांना वाटलं, हे खाँ साहबांना पुन्हा तीच गोष्ट सांगतायत. "बस झालं हो आता," ते म्हणाले. "बिचारे रडतील."

खाँ साहब खरोखरच हेलावले होते. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भूल जाइए, भाई साहब. ससुर यहाँ कहाँ! यहाँ आप महफ़ूज़ हैं, कोई ख़तरा नहीं."

तेव्हा नीलू किंचाळली. "मगर! मगर!"

खाँ साहब तिच्याकडे वळून थांबले. हिंदीत मगर म्हणजे 'पण'सुद्धा. "मगर क्या, बेटी?"

पुढचं वाक्य प्रकाशरावांनी पूर्ण केलं, पण त्यात शब्द नव्हते. माणसाएवढ्या लांबीची सुसर होती. तिनं घोट्याच्या वर धरलं आणि ते दगडावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेले. मी आणि नीलू कधी पोहोचलो ते आठवत नाही. आम्ही दोघींनी त्यांच्या काखांत हात घातले. नीलू जीव तोडून ओढायला लागली, मी तिच्यावर ओरडले, "ओढू नको! नुसतं धर! खाली जाऊ देऊ नको!" प्रकाशराव गार पडले होते. इतकी वर्षं हुकूम झेललेला माणूस, पण त्या क्षणी ते आईला हाक मारत होते आणि दुसरं काही त्यांना सुचतही नव्हतं, जमतही नव्हतं.

मी मागं बघितलं. हे काठावर उभे होते. डावा हात स्वतःच्या पोटरीवरच्या वणाकडे गेला होता.

मला त्या वेळी खरंच वाटलं, हे उतरणार नाहीत. मला राग नाही आला. ज्याला एकदा धरलंय त्यानं पुन्हा त्या पाण्यात उतरावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? पण माझ्या तोंडून एकच हाक निघाली. "बाबा!"

हे पाण्यात उतरले. छातीपर्यंत आत गेले, प्रकाशरावांच्या पायावरून हात सरकवत नेला, सुसरीचं डोकं चाचपलं आणि तोंड वर करून डोळे मिटून घेतले. मग अंगठा दाबला. पाणी उसळलं. एक हात तिच्या दातांवरून फाटत गेला तरी यांनी दुसरा काढला नाही. एवढ्यात खाँ साहब आंबे उतरवायचा लांब बांबू घेऊन आले. नीलूचं 'मगर' त्यांना शेवटी कळलं होतं. त्यांनी सुसरीच्या नाकाडावर दोन तडाखे दिले आणि ओरडले, "बदतमीज़!" त्यांच्या तोंडून निघालेली ती बहुधा आयुष्यातली सगळ्यात मोठी शिवी असावी. सुसरीनं सोडलं. शिवीमुळे की डोळ्यामुळे, ते सांगता येणार नाही.

"लांब! लांब न्या!" हे ओरडत होते. आम्ही प्रकाशरावांना फरपटत पार बाजेपर्यंत आणलं. मागं बघितलं तर त्या दोन गाठी पुन्हा दगडापाशी येऊन थांबल्या होत्या.

पुढचं कंटाळवाणं आहे, पण वाचणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सुसरीचं तोंड घाण असतं. जखम लहान दिसली तरी फसू नये. दोघांच्या जखमा आम्ही हापशाखाली साबण लावून भरपूर धुतल्या, स्वच्छ कापडानं दाबून बांधल्या आणि सरळ लखनौच्या इस्पितळात आलो. मधे कुणी हळद सुचवली, कुणी चुना, ते काही लावू दिलं नाही. इस्पितळात नीलू पहिल्यापासूनच "मगरमच्छ" म्हणाली.

धोंडे

टाके घालून, इंजेक्शनं टोचून दोघांना रात्रीच्या आत घरी सोडलं. हाड वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी कुसुमनं आदल्या दिवशीच्या पुरणाचे धोंडे तळले. एक जावई पाय उशीवर ठेवून, दुसरा हात गळ्यात अडकवून, असे शेजारी शेजारी बसले. यांचा उजवा हात बांधलेला, म्हणून मी घास भरवत होते. कुसुम मधेच थांबायची, पदर डोळ्यांना लावायची आणि पुन्हा तूप वाढायची.

खाँ साहब आंब्यांची पेटी घेऊन विचारपूस करायला वर आले. खुर्चीत टेकले आणि त्यांचा आवाज जरा चढला.

"भाई साहब, अब समझा. बच्ची ने सब बता दिया. वो जो आप कहते थे, वो मगरमच्छ था! और मैं न जाने क्या-क्या समझ बैठा. बहन जी, मुझे माफ़ कीजिए, मैंने आपके वालिद साहब को..." त्यांनी हात जोडले.

"काही नाही हो," मी मराठीतच म्हणाले.

ते यांच्याकडे वळले. "कमाल के आदमी हैं आप. एक बार अपना पाँव छुड़ाया, एक बार इनका."

मी धोंड्याचा घास हातात घेऊन थांबले. हे प्रकाशरावांच्या बँडेजकडे बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "काल यांनी बोटसुद्धा हलवलं नाही, नाही का?"

"धरलेल्या माणसाला कुठं काही करता येतं?" मी म्हणाले.

"नाही येत," हे म्हणाले. मग खाँ साहबांना म्हणाले, "नहीं, साहब. हमारा पाय हमने नहीं छुडाया."

"तो?"

"पाय सुसर ने पकडा था," हे एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "छुडाया ससुर ने."

खाँ साहबांनी नीलूकडे बघितलं. नीलू या वेळी हसली नाही. "सही कह रहे हैं," ती म्हणाली. "छुड़ाया ससुर ने. मेरे नाना ने."

खाँ साहब उठून उभे राहिले. कुर्त्याची बटणं नीट लावून, एखाद्या थोराला भेटायला आल्यासारखे. "उनका नाम?"

आमच्याकडे जावई सासऱ्याचं नाव घेत नाही. मामा म्हणतो. यांनी इतक्या वर्षांत ते कधी घेतलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं, मग बांधलेल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"बाबूराव," हे म्हणाले. "बाबूराव रामजी."

मी घास ताटात ठेवला आणि घाईनं स्वयंपाकघरात गेले. कुसुमनं बाहेरून विचारलं, काही जळतंय का. मी म्हणाले, हो. गॅस बंद होता आणि त्यावर काहीच नव्हतं.